नांगर न लागलेला भात

आमच्या दाईनं तो भात कधी पेरला नाही. माहेरच्या तळ्यातला गाळ तिनं तेलाच्या रिकाम्या डब्यात भरला, रेल्वेनं आणला आणि खापरखेड्याला आमच्या वस्तीमागच्या सखल जागेत ओतला. बाकी काही केलं नाही. पावसाळा लागला, तिथं पाणी साचलं आणि हिरवी पाती वर आली. शेजारच्या मराठी बायकांना ते गवत वाटलं. आमच्या बायकांनी लांबूनच ओळखलं की हा पसहर आहे.

दाई म्हणजे आई. आम्ही छत्तीसगढी. माझे वडील वीज केंद्राच्या कामावर मजूर म्हणून आले आणि इथंच राहिले. मोठा भाऊ आणि मी, दोघंही इथं जन्मलो. घरात छत्तीसगढी, गल्लीत नागपुरी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. दाई या तिन्हींची खिचडी बोलते. इथं मी तिचं बोलणं गल्लीतल्या बोलीत लिहिते आहे, कारण बाहेरच्यांशी ती तसंच बोलते आणि आता माझ्याशीही बरेचदा तसंच.

पसहर लागायचा तो कमरछठच्या उपासाला. गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी हा उपास येतो. मुलांना आयुष्य मिळावं म्हणून आया तो धरतात. त्या दिवशी नांगर लागलेल्या जमिनीत पिकलेलं काहीही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातून चालायचंसुद्धा नाही. मग संध्याकाळी उपास सोडायला उरतं ते एवढंच: पाणथळीत आपोआप येणारा हा लालसर, जाड भात, घराभोवतीच्या वाडीतल्या सहा भाज्या आणि म्हशीचं दही. शेजारची एक मावशी म्हणायची, "आमच्या ऋषिपंचमीलेही बैलाच्या मेहनतीचं चालत नाही वं. तुमचं-आमचं एकच आहे." दाईला ते फार आवडायचं. परक्या गावात आपलं काही ओळखीचं निघालं की तिचा चेहरा उजळायचा.

पण तिच्या या भातावर पहिली हरकत आमच्यातल्याच बाईनं घेतली. वस्तीत सगळ्यांत वडील असलेल्या एका म्हातारीला आम्ही बडे दाई म्हणत असू. तिनं डबक्याकाठी उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, "गाळ ओतला म्हणजे पेरल्यासारखंच झालं नाही काय?"

"म्या डबा पालथा केला फक्त," दाई म्हणाली. "उगवला तो त्याच्या मर्जीनं."

"मोठी वकीलच लागून गेली!"

"वकील असती तं तुमच्यावर केस केली असती. मागच्या साली माझी कोंबडी कोणं खाल्ली ते सांगा आधी."

बायका हसल्या आणि हरकत तिथंच मिटली. त्यानंतर सगळ्यांत आधी सूप घेऊन भात झोडायला आली ती बडे दाईच.

हा भात कापता येत नाही. दाणा पिकला की लगेच गळून पाण्यात पडतो. म्हणून आश्विनात सकाळी दव असतानाच चिखलात उतरायचं, लोंब्या सुपावर वाकवायच्या आणि हलकेच टिचकी मारायची. अर्धे दाणे सुपात येतात, अर्धे पाण्यात जातात. पाण्यात पडलेल्यांबद्दल हळहळायचं नाही, कारण पुढच्या वर्षीचा भात तोच. सुपातला भात वाळवून, कांडून डब्यात ठेवायचा. तो पुढच्या श्रावणात उपासाला निघायचा.

डबक्याच्या कडेनं, भिंतीला लागून, दाईच्या भाज्या होत्या. चेच, अमारी म्हणजे अंबाडी, लाल भाजी, खेडा म्हणजे देठाचा माठ, भोपळ्याचा कोवळा पाला आणि मुंगण्याचं, म्हणजे शेवग्याचं, एक झाड. चेच शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत होते. नागपूरच्या बाजारात ती आम्हाला कधी दिसली नाही. पानांवर वीज केंद्राच्या धुराड्यांची राख बसायची, म्हणून दाई पुन्हा पुन्हा पाणी बदलून भाजी धुवायची. उपासाच्या आधीच्या दिवसांत नागपुरातल्या वस्त्यांमधून, कामठीकडून बायका बस पकडून यायच्या. कोणी बांधकामावरची, कोणी चार घरी भांडी घासणारी. त्यांच्याकडे जमीन सोडा, कुंडी ठेवायला गॅलरीही नव्हती. त्या पदरात भाजी घ्यायच्या, मूठभर पसहर घ्यायच्या आणि मग जाण्याची घाई असूनही तिथंच उकिडव्या बसून गावाकडच्या गोष्टी काढायच्या. कोणाच्या तळ्याला बांध घातला, कोणाची सासू गेली. दाई म्हणायची, "भाजी तं निमित्त आहे. बोलाले कुठं भेटते इथं?"

मला शाळेत मुली "गवताचा भात खाणारी" म्हणायच्या. मी एकदा रडत घरी आले, तेव्हा भैयानं, म्हणजे माझ्या भावानं, विचारलं, "मग तू काय म्हणाली?"

"काहीच नाही."

"म्हणायचं ना, म्हशी पण गवतच खातात, पाहा किती दूध देतात!" आणि त्यानं म्हशीसारखा असा आवाज काढला की मला रडता येईना.

मी आठवीत असताना वडील गेले. भैया तेव्हा आयटीआयला जाण्याच्या विचारात होता. तो विचार सोडून तो वडिलांच्याच ठेकेदाराकडे कोळशाच्या कामाला लागला. मी शिकायचं, हे त्यानं ठरवलं. मला कोणी विचारलंही नाही आणि मी नको म्हणण्याचा प्रश्नही नव्हता. मी कॉलेजला जाऊ लागले, तेव्हा रात्रपाळी करून आलेला तो मला सायकलवर बसस्टॉपपर्यंत सोडायचा आणि जरा दूरच थांबायचा. "माझा अवतार पाहून तुझ्या मैत्रिणी भुताले भ्यायल्यासारख्या पळतील," म्हणायचा. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आज मी नागपुरात एका शाळेत शिकवते. मला मिळालेलं बरंचसं त्याच्या अंगावरच्या कोळशातून आलेलं आहे, हे मी रोज मनात धरून असते.

मग त्याचे पाय सुजायला लागले. त्यानं ते बरेच दिवस बुटांवर ढकललं. शेवटी मी त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं की दोन्ही किडन्या फार आधीपासून, काही वर्षांपासून, हळूहळू निकामी होत आल्या आहेत. किडनी देता येईल का ते पाहायला दाईची आणि माझी, दोघींची तपासणी झाली. दाईला साखरेचा त्रास निघाला, माझं जुळलं नाही. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तो खापरखेड्याहून बसनं यायचा, मी शाळा सुटल्यावर दवाखान्यात जायची. डायलिसिसच्या सुईसाठी त्याच्या हातावरची शीर फुगवलेली होती, तिच्यात सतत काहीतरी गुरगुरायचं. दाई तिच्यावर बोट ठेवून बसायची. "मांजर पोसलं पाहा हातात," तो म्हणायचा.

आहाराचा कागद मिळाला त्यात पालेभाज्या जपून, म्हणून लिहिलं होतं. चेच त्याची सगळ्यांत आवडीची. दाई ती दोनदा उकळून, दोन्हीदा पाणी फेकून, अगदी दोन घास द्यायची. त्यात ना चव राहायची ना बुळबुळीतपणा. तो खायचा आणि म्हणायचा, "दाई, याले तं आता चेचचा फोटो म्हणा."

डायलिसिसनं सुरुवातीचे काही महिने त्याला बरं वाटू लागलं. सूज उतरली. त्या उन्हाळ्यात दाई दोन दिवस माझ्या खोलीवर राहायला आली होती. तिला सोडायला मी तिच्यासोबत परत गेले. वस्तीमागून यंत्राचा आवाज येत होता. जाऊन पाहतो तर भैया गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून काठावर उभा. त्याचा रामटेककडचा एक मित्र धानाची शेती करायचा. त्यानं आपला पॉवर टिलर टेम्पोत घालून आणला होता. टँकरचं पाणी सोडून दोघांनी ती सगळी सखल जागा नांगरून, चिखलणी करून, चारी बाजूंनी बांध घालून ठेवली होती. डबक्याची चौकोनी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, झाली होती. भिंतीकडच्या भाज्यांच्या पट्ट्यावरही टिलर फिरला होता. फक्त मुंगण्याचं झाड तेवढं उभं होतं.

"पाहा काकू!" मित्र ओरडला. "काय हालत करून ठेवली होती तुम्ही! इतक्या गवतात भात येते काय? आता पाहा, सूप पुरणार नाही तुम्हाले!"

भैया दाईच्या तोंडाकडं पाहत होता. काम सुटून घरी बसल्यापासून घरासाठी काही करता येत नाही, हे त्याला खात होतं, आणि आज त्यानं केलं होतं.

दाई काठापर्यंत गेली. मग म्हणाली, "किती मेहनत केली गा बाबू." आणि मग, "चल, पाय धू. ओल्यात उभा नको राहू."

घरात आल्यावर चुलीपाशी बसून तिनं मला हळूच विचारलं, "त्याले माहीत नव्हतं काय नोनी?" नोनी म्हणजे पोरी.

त्याला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मुलगी म्हणून मी लहानपणापासून बायकांच्या गराड्यात बसून सगळं ऐकलेलं होतं. मुलग्यांना उपासाच्या दिवशी फक्त पाठ पुढं करावी लागते. पूजा झाली की आई पिवळ्या मातीत भिजवलेलं फडकं त्यांच्या पाठीवर हलकेच मारते, आणि ते खेळायला पळतात. गावात असता तर भाताच्या बांधावर, तळ्याकाठी, म्हाताऱ्यांच्या तोंडून त्याच्या कानावर कधीतरी पडलंच असतं. इथं तो कोळशात वाढला. पसहर म्हणजे दाईचा भात, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"मी सांगू का त्याला?" मी विचारलं.

"खबरदार," दाई म्हणाली. "हसला तो आज."

त्या श्रावणात अडचण आली नाही. डब्यात आधीच्या वर्षीचा पसहर होता आणि भाज्या तिनं रस्त्याकडेनं, लोकांच्या कुंपणातून गोळा केल्या. ज्या बायका बसनं आल्या त्यांना तिनं काही कारण सांगून मूठ-मूठ जुना भात दिला. पण बडे दाईला कळलं होतं. ती बांधाकडं पाहून एवढंच म्हणाली, "पीक छान आलं हो."

आणि पीक खरोखरच छान आलं होतं. तसा दाट पसहर मी पुन्हा पाहिला नाही. आश्विनात भैया स्वतः चिखलात उतरला. दाई काठावरून टिचकी कशी मारायची ते सांगत होती आणि तो हसत होता. त्यानंच तो वाळवला, वेगळ्या डब्यात भरला आणि डबा फळीवर पुढंच ठेवला.

पुढच्या श्रावणापर्यंत त्याची तब्येत उतरणीला लागली होती. डायलिसिसहून आला की दुसरा अख्खा दिवस दाराजवळच्या खाटेवर पडून राहायचा. जुना भात संपला होता. दुर्गकडच्या एका नातेवाइकाकडून मी पिशवीभर पसहर मागवून घेतला आणि उपासाच्या दिवशी सुट्टी काढून घरी गेले. दाईनं पिशवी घेतली आणि पदराखाली धरून ठेवली.

खाटेवरून भैयाचा आवाज आला, "दाई, यावेळी माझाच शिजवशील ना?"

"हो बाबू."

मी तिला आत नेलं. "हा शिजव. दोन्ही लालच आहेत, त्याला काय कळणार?"

"आणि विचारलं त्यानं तर?"

"तुझाच आहे म्हण."

दाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडं पाहू लागले. "त्याच्यासाठी उपास धरला, आणि त्याच दिवशी त्याच्याशीच खोटं बोलू?" ती म्हणाली.  तिच्यापुढं दोनच रस्ते होते आणि दोन्हींनी उपास मोडत होता. नांगरलेलं खाल्लं तरी, खोटं बोलली तरी. तिसरा म्हणजे त्याला खरं सांगायचं. त्या रस्त्याकडं ती वळलीच नाही.

दुपारी बायकांनी अंगणात छोटा खड्डा खोदून त्यात पाणी भरलं, काठाला काशाचं गवत आणि पळसाची फांदी रोवली, पूजा केली. भैया खाटेवरून उठून आला. तीस ओलांडलेला माणूस, सुजलेला, लहान पोरांच्या मागं रांगेत वाकून उभा राहिला. दाईनं त्याच्या पाठीवर फडकं मारलं. त्याच्या शर्टावर पिवळा डाग उठला. मग तिनं माझ्या पाठीवर मारलं.

संध्याकाळी मोहाच्या पानांच्या पत्रावळीवर तिनं त्याचा भात वाढून घेतला. बडे दाई शेजारी बसली होती. तिनं पत्रावळीकडं पाहिलं, दाईकडं पाहिलं आणि मान फिरवली.

दाई सावकाश जेवत होती.

"कसा आहे?" भैयानं विचारलं.

"गोड आहे."

"तुझ्या आपोआपवाल्यापेक्षा?"

"त्याच्यापेक्षाही."

तो माझ्याकडं वळला. "ऐकलं ना नोनी? आपोआप काही होत नाही. मेहनत लागते." तो खुशीत होता. मी पण मान हलवली.

दिवाळी झाली आणि थंडी सुरू व्हायच्या आत तो गेला. दवाखान्यातच, डायलिसिसनंतर, दाई बाहेर चहा आणायला गेली होती तेव्हा. मी त्याच्याजवळ होते. याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

दाई रडली ती लोकांसमोर, जितकं रडायचं तितकं. पण घर रिकामं झाल्यावर तिनं सगळ्यांत आधी फळीवरचा भाताचा डबा काढून, उरलेला भात नेऊन त्या बांधीत उधळला. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "म्याच खाल्लं ना."

मी शिकलेली. मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काढलेलं चित्र सांगितलं, किडन्या कशा काम करतात ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "म्या डॉक्टरचं ऐकलं होतं, तू मले काहून सांगून राहिली?" तिला जे माहीत होतं आणि तिला जे वाटत होतं, या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. माझं सगळं शिक्षण पहिलीशीच बोलू शकत होतं.

पुढच्या श्रावणात बायका नेहमीसारख्या बसनं आल्या. भाज्या दाईनं अंगणाच्या कडेला, टिलर न लागलेल्या जागी, पुन्हा लावल्या होत्या. दाईनं प्रत्येकीला जुडी बांधून दिली. ओटी भरल्यासारखी, दोन्ही हातांनी. पसहर मात्र तिनं कोणालाच दिला नाही. डबक्याच्या जागेला नांगर लागलेला आहे, हे तिनं या वेळी उघड सांगितलं आणि भात दुसरीकडून घ्या म्हणाली.

"आणि तू?" बडे दाईनं विचारलं.

"मी नाही धरत."

"एक गेला म्हणून दुसरी मेली काय?" बडे दाईचा आवाज चढला. "समोर उभी आहे ती जिती-जागती! तिच्यासाठी कोण धरीन?"

"तिच्यासाठीच नाही धरत," दाई म्हणाली. "माझा उपास बाधला एकाले. दुसरीले नाही बाधू देत."

 बडे दाई आपली जुडी उचलून निघाली आणि दारातून परत येऊन दाईच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

 मला आयुष्य मिळावं म्हणून माझी आई माझ्यासाठी उपास सोडून देत होती. वस्तीत उपासाच्या दिवशी आमच्यातल्या दुसऱ्या कोणाच्याच घरी नांगरातलं काही शिजलं नाही. आमच्या घरी दाईनं सकाळीच कणीक मळली. पोळ्या केल्या, वांग्याची भाजी केली आणि मला वाढलं. अंगणातून बायकांची गाणी ऐकू येत होती. दाई मला जेवताना पाहत बसली होती.

"नोनी," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणे ना, लई आधीपासून खराब होत्या म्हणून?"

"हो दाई."

"त्या भाताच्या आधीपासून?"

"खूप आधीपासून. टिलर आणला तेव्हा तो आजारीच होता."

"हो ना. आजारीच होता." तिनं आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली. "खाय."

आता ती माझ्याजवळ नागपुरात असते. श्रावणात आठवडाभर खापरखेड्याला जाते, भाज्या पाहते, वाटते आणि उपासाच्या आदल्या दिवशी परत येते. तो प्रश्न तिनं अजून सोडलेला नाही. कधी स्वयंपाक करताना विचारते, कधी बसमध्ये, कधी मी वह्या तपासत असताना. डॉक्टर काय म्हणे वं? मी हातातलं काम ठेवते आणि तेच उत्तर देते, कारण ते खरं आहे. ती मान हलवते, तिला पटलेलं दिसतं. काही दिवस जातात आणि ती पुन्हा विचारते.